कम्युनिटी टँकमधे चेरी श्रिंप टाकू का? एंजल पण आहेत आत

डोंबिवलीचा_टँक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज विचारूनच टाकतो. माझा दोन फुटी टँक आहे, २४ बाय १२ बाय १२ इंच, हिशोबाने ५६ लिटर होतात पण वाळू आणि दगड वजा केले तर पाणी ४५ च्या आसपास धरा. वर्ष होत आलं, व्यवस्थित चालू आहे. आत नियॉन टेट्रा दहाएक, कोरी पाच, गप्पी किती ते आता देवालाच माहीत, एंजल दोन जे आणले तेव्हा अंगठ्याएवढे होते आणि आता चांगले तळहाताएवढे झालेत, आणि एक सकर. हा सकर दुकानदाराने शेवाळ खाईल म्हणून गळ्यात मारला होता, तो शेवाळ सोडून बाकी सगळं खातो.

तर परवा त्याच दुकानात लाल चेरी श्रिंप (टँकमधे ठेवायची बारीक कोळंबी) आलेत, चाळीस रुपयाला एक. दुकानदार म्हणतो वीस घेऊन जा बिनधास्त, कुठल्याही माशाबरोबर राहतात, काच चकाचक करतील आणि वर पिल्लं पण होतील. खरं सांगायचं तर रंग बघूनच जीव जडलाय. बायकोला पण आवडले. आईने फक्त एवढंच विचारलं की एवढ्याशा कोळंबीचं कालवण कितीसं होणार.

तर प्रश्न असे आहेत की १) एंजल खरंच काही करणार नाहीत का, २) माझ्या अनुबियासच्या पानांवर काळं केसाळ शेवाळ आलंय ते हे खातील का, आणि ३) फिल्टर आतला पॉवरहेडवाला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या मोटरचा आहे, त्याची जाळी बरीच मोठी आहे, त्यात ओढले जातील का? पाणी महापालिकेचं, अँटीक्लोरीन टाकून भरतो. हीटर नाहीये. कोणी ठेवलेत त्यांनी प्लीज सांगा.

मॉसवाली_पुणे

सरळच सांगते, एंजल आत असताना वीस श्रिंप टाकलेस तर ते आठशे रुपयांचं जेवण झालं. एंजल दिसायला शांत असतो पण जातीने सिक्लिड आहे, तोंडात मावेल ते खाणारच. पूर्ण वाढलेली चेरी मादी अडीच-तीन सेंटिमीटरची होते आणि दुकानात तुला जे मिळतील ते त्याच्या अर्धेच असतील. मोठा एंजल एका घासात घेतो. आणि खरं म्हणजे मला तुझ्या नियॉनचीच जास्त काळजी वाटतेय, तळहाताएवढे एंजल आणि १२ इंच उंचीचा टँक, त्यांना पंख पसरायला पण जागा नाही आणि रात्री शेजारी झोपलेला बारीक नियॉन म्हणजे आयता खाऊ. श्रिंप घे नको घे, एंजलचं काहीतरी कर.

बाकी माशांचं सांगते. कोरी निरुपद्रवी, तळाशी आपापलं उकरत बसतात, फार तर एखादं अगदी नवजात पिल्लू चुकून तोंडात जाईल. नियॉन मोठ्या श्रिंपला काही करत नाहीत पण पिल्लू दिसलं की सोडत नाहीत, पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम दोन मिलिमीटरचं असतं त्यामुळे कुणाच्याही तोंडात जातं. गप्पी तेच, शिवाय त्यांना सारखं टोचायची सवय असते. सकर शिकार करणार नाही, पण तो फूटभराच्या वर वाढतो रे बाबा, ४५ लिटरमधे त्याला ठेवायचाच नसतो. आणि कंटाळून नदीत नाल्यात सोडू नकोस, आधीच आपल्या नद्या तलावांत हे सकर भरपूर झालेत आणि देशी माशांच्या मुळावर आलेत.

काळं केसाळ शेवाळ श्रिंप खात नाहीत. चेरी नाही, अमानो जातीचे श्रिंप पण जवळजवळ नाहीच. चेरी काय खातात तर पानांवर, लाकडावर, काचेवर जो बुळबुळीत पापुद्रा असतो ना, बायोफिल्म, तो आणि कोवळं मऊ हिरवं शेवाळ आणि माशांनी टाकलेलं उरलंसुरलं. काचेवरचे हिरवे कडक ठिपके त्यांच्याने निघत नाहीत. काच तुलाच घासायची आहे, त्यातून सुटका नाही. लाइट किती तास असतो ते बघ आधी, दहा-बारा तास असेल तर सहा-सात वर आण, आणि अनुबियासची जी पानं फारच माखलीत ती कापून टाक, नवी येतील.

अजून एक, जे दुकानदार सांगत नाही. माशांबरोबर ठेवलेले श्रिंप दिसत नाहीत. जगले तरी दिवसभर मॉसच्या (पाण्यातलं बारीक पानांचं झुपकेदार झाड) आत, लाकडाच्या खाली दडून असतात, लाइट गेला की बाहेर पडतात. तू रंगासाठी घेणार आणि रंग रात्री टॉर्च लावून बघणार. माझ्याकडे एका छोट्या टँकमधे फक्त श्रिंप आहेत, तिथे ते भर दुपारी उघड्या वाळूवर फिरत असतात, पुढच्या दोन्ही पायांच्या जोड्यांना अगदी बारीक ब्रश असतो त्याने एकदा डावीकडून एकदा उजवीकडून खरवडून तोंडात टाकायचं काम अखंड चालू असतं, एक सेकंद थांबत नाहीत. अंडीवाली मादी असेल तर पोटाखालचे पाय सतत हलवून अंड्यांना वारा घालत असते, मधेच एखादं अंडं उलटसुलट करून परत जागेवर बसवते. हे बघायचं असेल तर वेगळा टँक कर. एक फुटी पण चालतो.

सांगलीचा_गप्पीवाला

मॉसवाली ताईंचं एंजलबद्दल शंभर टक्के बरोबर, पण वेगळा टँकच पाहिजे हे मला पटत नाही. प्रत्येकाच्या घरात दुसऱ्या टँकला जागा नसते आणि घरचे पण एकदाच ऐकून घेतात. माझ्याकडे गप्पी आणि चेरी एकत्रच आहेत आणि चेरी कमी न होता वाढतच गेलेत. का, तर अर्धा टँक जावा मॉसने भरलाय. नुसतं शोभेला दगडावर एक गोळा बांधलेला नाही, मूठच्या मूठ, हात घातला तर हात दिसत नाही इतका. वर साल्विनिया तरंगतो, त्याची मुळं लोंबतात. गप्पी आत शिरू शकत नाहीत, पिल्लं आतच जन्मतात, आतच खातात आणि सेंटिमीटरभर झाल्यावर बाहेर येतात, तोवर गप्पीच्या तोंडात मावत नाहीत.

हिशोब बघा ना. एक मादी एका वेळी वीस-तीस अंडी धरते, तीन-चार आठवड्यात फुटतात, पाणी गरम असेल तर अजून लवकर. फुटलं की डायरेक्ट छोटा श्रिंपच बाहेर येतो, अळी वगैरे भानगड नाही. दोन-अडीच महिन्यात ती पोरगी परत अंडी धरायला तयार. वीसातली चार-पाच जगली तरी कॉलनी पळते. मासे जेवढे खातात त्यापेक्षा जास्त जन्मले म्हणजे झालं. हां, मोकळ्या टँकमधे दोन प्लास्टिकची झाडं आणि एक मडकं ठेवून असं होणार नाही, मग ताई म्हणतात तसंच होईल.

फिल्टरचं टेन्शन नको घेऊ. पॉवरहेडच्या जाळीवर बारीक छिद्रांचा स्पंज चढव, दुकानात तयार मिळतो, नाहीतर साध्या एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लाव, श्रिंपवाले तोच वापरतात. स्वस्त पण पडतो आणि त्या स्पंजवरच श्रिंप दिवसभर चरत बसतात.

मॉसवाली_पुणे

@सांगलीचा_गप्पीवाला तुमचा टँक गच्च भरलेला आहे म्हणून चाललंय हो. याच्याकडे अनुबियास आणि दगड आहेत. आधी मॉस वाढू दे, दोन-तीन महिने लागतील, मग श्रिंप. आधी श्रिंप आणून मग मॉस वाढायची वाट बघणं उलटं आहे.

सांगलीचा_गप्पीवाला

हे मात्र मान्य. मॉस आधी. दुकानातून छोटीशी डबी घेऊ नकोस, कोणाचा टँक साफ होत असेल तिथून पिशवीभर फुकट मिळतो. गप्पी ग्रास मिळालं तर ते पण टाक, जावा मॉस हळू वाढतो आणि हे दिवसागणिक वाढतं.

नागपूरचा_भाऊ

काय भाऊ, सगळे मॉस मॉस करून राहिले, उन्हाळ्याचं कोणी बोलतच नाही. चेरीला १८ ते २८ डिग्री बरं वाटते. तीसच्या वर गेलं की मरतच नाही लगेच, पण पाण्यात ऑक्सिजन कमी होते, अंडी सोडून देते मादी, कात टाकताना मरते. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५-४६ असते, टँक कूलरच्या रूममधे नसला तर विषय संपला.

उपाय सोपा आहे. छोटा फॅन, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधला जुना असला तरी चालते, तो पाण्याच्या वरून आडवा वारा जाईल असा लावायचा आणि झाकण उघडं. बाष्पीभवनाने दोन-चार डिग्री आरामात उतरते. आमच्या कोरड्या हवेत मस्त चालते, तुमच्या डोंबिवलीच्या दमट हवेत तेवढं नाही उतरणार, पण काहीच न करण्यापेक्षा बरं. बर्फाचे तुकडे टाकू नको, बाटली बुडवायची ते पण नको, एकदम खाली एकदम वर हेच श्रिंपला झेपत नाही.

आता यातली खरी गोम ऐक. फॅन लावला की पाणी उडते, पण त्यातले क्षार उडत नाही, ते आतच राहते. तू रोज नळाचं पाणी टाकून लेव्हल भरली तर महिन्याभरात टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, कुठल्या कुठे जाते आणि मग लोकं म्हणते पाणी तर तेच होतं, श्रिंप काहून मेले. उडालेलं पाणी भरायला आरओचं पाणी वापर. आणि जेव्हा पाणी बदलायचं असेल, काढून टाकायचं असेल, तेव्हा नेहमीचं नळाचं. दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

लाइट जात असेल तर बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेव बापा. उन्हाळ्याच्या दुपारी तीन तास लाइट गेली तर मासे वर येऊन तोंड उघडते तरी, श्रिंप काही सांगत नाही.

डोंबिवलीचा_टँक

बापरे, एवढं काही असेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. एंजल ऑफिसमधल्या मित्राला देतोय, त्याच्याकडे चार फुटी उंच टँक आहे, तो आनंदाने घेतोय. सकर पण त्याच्याकडेच जाणार, त्याला अजून नीट सांगितलेलं नाही. लाइट खरंच अकरा तास चालू होता, सहावर आणला. मॉस शोधतोय.

आता पाण्याचं कोणी सांगेल का? टीडीएस मीटर आरओवाल्याचा घरात पडलेला होता त्याने मोजलं, नळाचं ९० दाखवतं आणि टँकमधलं १४०. हे बरं आहे की वाईट? पीएच सात-साडेसात. आणि आमच्याकडे संध्याकाळी डास फार, खिडकीशीच टँक आहे, लिक्विडवालं मशीन रात्रभर चालू असतं, त्याने मासे तर काही झाले नाहीत.

कल्याणकर_९

मासे काही झाले नाहीत म्हणून श्रिंपला पण काही होणार नाही हा हिशोब इथे सोडून द्या दादा. डासांच्या मशीनमधे, स्प्रेमधे, कॉइलमधे जे औषध असतं ते बहुतेक पायरेथ्रॉइड जातीचं असतं, ते कीटकांना मारतं, आणि कोळंबी खेकडे हे कीटकांचे चुलतभाऊच, त्यामुळे माशाला ज्या प्रमाणात काही जाणवत पण नाही त्या प्रमाणात श्रिंप आडवे होतात, गोल गोल फिरतात, पाठीवर पडून पाय झाडतात आणि तासाभरात संपतात. टँक ज्या खोलीत आहे तिथे स्प्रे अजिबात मारायचा नाही. मशीन दुसऱ्या खोलीत न्या, खिडकीला जाळी लावा. आणि एक लक्षात घ्या, एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. पावसाळ्यात महापालिकेची धुराची गाडी येते ना डेंग्यूची, तेव्हा खिडक्या बंद करायच्या, टँकवर झाकण टाकून वर ओला टॉवेल टाकायचा आणि धूर जाईपर्यंत एअर पंप बंद. अर्ध्या तासाने काही बिघडत नाही.

घरात कुत्रा मांजर असेल आणि त्याच्या मानेवर गोचिडांचं औषध लावलं असेल तर तो हात टँकमधे घालू नका, साबणाने धुतलात तरी त्या दिवशी नको. नवी झाडं आणलीत तर तीही लगेच टाकू नका, बादलीत आठवडाभर ठेवून पाणी रोज बदला, नर्सरीत कीटकनाशक मारलेलं असू शकतं.

तांबं. माशांना पांढरे ठिपके आले, फंगस आलं की आपण दुकानातून निळं हिरवं औषध आणून ओततो, त्यातल्या काही औषधांत कॉपर असतं, गोगलगाय मारायच्या औषधात तर बऱ्याचदा. श्रिंप असलेल्या टँकमधे ते चालत नाही. मासा आजारी पडला तर मासा बाहेर काढून बादलीत उपचार करा. झाडांच्या खतात पण कॉपर लिहिलेलं असतं ते बघून घाबरू नका, ते नावापुरतं असतं, डोस पाळला तर काही होत नाही.

आता पाणी. नळाचं ९० म्हणजे मऊ पाणी, मासे खुश, चेरी तेवढे खुश नाहीत. त्यांना कवच करायला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतं. टीडीएस मीटर एकूण क्षार सांगतो, त्यात कॅल्शियम किती ते सांगत नाही, मिठाने पण आकडा वाढतो. म्हणून जीएचची, म्हणजे पाण्याचा कठीणपणा मोजायची, थेंबांची टेस्ट किट घ्या, जीएच ६ ते ८ असेल तर छान. टँकचा टीडीएस १५० ते २५० मधे चेरी आरामात राहतात. वाढवायचं कसं तर श्रिंपसाठीची मिनरल पावडर मिळते, ती सगळ्यात सरळ, कारण त्यात दोन्ही असतं. नाहीतर समुद्रफेन, आयुर्वेदिक दुकानात किंवा पक्ष्यांच्या दुकानात मिळतो, त्याचा एक तुकडा उकळून टँकमधे टाका, हळूहळू विरघळत राहतो. त्यात मॅग्नेशियम जवळजवळ नसतं हे ध्यानात ठेवा, आणि पीएच थोडा वर जातो, तुमच्या माशांना चालेल.

आणि एकदम पाणी बदलू नका. माशांच्या टँकमधे लोक रविवारी अर्धं पाणी काढतात आणि भरतात. श्रिंपला असं केलं की नव्या पाण्याच्या धक्क्याने तयार नसताना कात टाकायला जातात आणि अर्ध्यात अडकतात, मानेपाशी पांढरी रिंग दिसते, ती दिसली की तो बहुतेक वाचत नाही. दहा-पंधरा टक्के, आठवड्यातून एकदा, बारीक धारेने. पावसाळ्यात गढूळ पाणी येतं तेव्हा क्लोरीनचा डोस पण वाढवतात, त्या दिवसात अँटीक्लोरीनवर कंजुषी नको, पाणी आदल्या रात्री बादलीत भरून एअर स्टोन लावून ठेवलंत तर उत्तमच.

डोंबिवलीचा_टँक

कात टाकलेली दिसते का? म्हंजे मेलेला श्रिंप आणि कात यातला फरक कसा कळायचा?

मॉसवाली_पुणे

कळतो रे. कात म्हणजे पोकळ, काचेसारखी पारदर्शक, मिशांसकट अख्ख्या श्रिंपचा साचा, पाण्यात हलत राहतो. मेलेला श्रिंप अपारदर्शक होतो, गुलाबी-नारिंगी, शिजल्यासारखा. कात काढून टाकू नकोस, तेच परत खातात, कॅल्शियम फुकट मिळतं. मेलेला मात्र काढ.

प्रत्यक्ष कात टाकताना बघायला मिळालं तर नशीब. आधी एक-दोन दिवस खात नाही, एका जागी उभा राहतो, मग डोक्याच्या आणि पाठीच्या मधे चीर पडते, अंग घडीच्या चाकूसारखं दुमडतो आणि एका झटक्यात बाहेर. सेकंद-दोन सेकंदांचा खेळ. मग अंग मऊ असतं म्हणून दिवसभर लपतो, आणि लपायला जागा नसेल तर हेच माशांना सापडतात, एरवी त्रास न देणारे मासे पण मऊ श्रिंपला सोडत नाहीत. मादीने कात टाकली की पाण्यात वास सुटतो आणि सगळे नर वेड्यासारखे टँकभर पोहायला लागतात, नवीन माणूस घाबरतो की पाण्यात विष गेलं की काय. तसं दिसलं तर तासभर थांब, शांत झाले तर वीस-पंचवीस दिवसांनी पिल्लं.

चिपळूणचा_खाडीकाठ

थोडं वेगळं सांगतो. चेरी मिळाले नाहीत की काही दुकानदार घोस्ट श्रिंप म्हणून पारदर्शक कोळंबी गळ्यात मारतात, नगाला दहा-पंधरा रुपये. ती घेताना पाय बघ. पुढचे पाय लांब, बारीक आणि टोकाला नीट चिमटे दिसत असतील तर ती आपल्या नदीतल्या मोठ्या कोळंबीच्या खानदानातली, मॅक्रोब्रॅकियम. आमच्या वाशिष्ठीत दगडाखाली असतात तशी. लहानपणी सगळ्याच गोंडस दिसतात, मोठी झाली की रात्री झोपलेले नियॉन पकडून खाते, आणि तुझ्या चेरी तर सोडच. यांच्यातलीच एक जात फूटभर वाढते, ती आपण बाजारात खायला घेतो, म्हणजे तुझ्या आईंचा कालवणाचा प्रश्न सुटेल.

चेरी आणि अमानोला असले चिमटे नसतात, ताईंनी लिहिलं तसे ब्रश असतात.

अमानोचं कोणी नीट सांगितलं नाही म्हणून. ताकाशी अमानो म्हणून जपानी फोटोग्राफर होते, झाडांच्या टँकची आजची स्टाइल ज्यांनी जगभर नेली, त्यांनी शेवाळासाठी हे वापरले म्हणून हे नाव. पाच सेंटिमीटरपर्यंत होतात, अंगावर ठिपक्या-रेघांची ओळ असते. लांबलचक केसांसारखं हिरवं शेवाळ यांच्याइतकं कोणी खात नाही. शांत मोठ्या माशांबरोबर चेरीपेक्षा यांना जास्त संधी. पण घरात पिल्लं होत नाहीत, अंडी धरते मादी, फुटतात पण, पण अळ्यांना खारं पाणी लागतं, गोड्यात काही दिवसात मरतात. दुकानदार अमानोची पिल्लं होतील म्हणाला तर एकतर ते अमानो नाहीत नाहीतर तो खोटं बोलतोय.

आणि भारतातलीच एक आहे, बाबॉल्टी, हिरवट तपकिरी, रेघा असलेली. बाहेरच्या देशात लोक पैसे मोजून घेतात, आपल्याकडे कोणी विचारत नाही. मिळाली तर ठेवून बघ.

डोंबिवलीचा_टँक

मॉस मिळाला, अंबरनाथच्या एका भल्या माणसाने बादलीभर दिला. एंजल आणि सकर गेले. मित्र सकर बघून मला दोन मिनिटं काहीच बोलला नाही. आता दोन महिने थांबतो असं ठरवलंय, बायको म्हणते बघूया. तोवर अजून दोन प्रश्न. वेगळं खाणं द्यावं लागतं का, आणि आणल्यावर पिशवी तरंगवून सोडायचे ना माशांसारखे?

मॉसवाली_पुणे

पिशवी तरंगवून नुसतं तापमान जुळतं, पाणी जुळत नाही. श्रिंप पिशवीतल्या पाण्यासकट एका डब्यात ओत. एअर पंपाची नळी टँकमधून डब्यात सोड, तोंडाने ओढून धार सुरू कर आणि नळीला सैल गाठ मार, सेकंदाला दोन-तीन थेंब पडले पाहिजेत. डब्यातलं पाणी तिप्पट होईपर्यंत थांबायचं, तास-दीड तास जातो. मग जाळीने उचलून टँकमधे, डब्यातलं पाणी आत नाही ओतायचं. लाइट बंद ठेव त्या रात्री, माशांना आधी पोटभर खायला घाल.

खाणं म्हणशील तर जुन्या, मॉसने भरलेल्या टँकमधे फारसं लागत नाही. आठवड्यातून एक-दोनदा उकडलेलं पालकाचं पान, दुधीची किंवा काकडीची चकती दे, भाजी आधी नीट धुऊन, सोलून, फवारणीचं काय ते मागे कल्याणकरांनी सांगितलंच आहे. रात्री टाक, सकाळी उरलेलं काढ. आणि बदामाचं पान. रस्त्यावर असतं ना ते मोठ्या पानांचं झाड, थंडीत पानं लाल होऊन गळतात ते. झाडावरून आपसूक पडलेलं, पूर्ण वाळलेलं तपकिरी पान घ्यायचं, धूळधाण असलेल्या रस्त्यावरचं नको, सोसायटीतलं बघ, गरम पाण्यात बुडवून टाकायचं. पाणी चहाच्या रंगाचं होतं थोडं, घाबरू नको. त्या पानावर जो पापुद्रा चढतो तो पिल्लांचं मुख्य अन्न. महिन्याभरात पानाची नुसती जाळी राहते.

सांगलीचा_गप्पीवाला

घेताना वीस एकदम घेऊ नको, दहा घे, आणि मोठे लालभडक बघून घेऊ नको, ते म्हातारे असतात, आयुष्य एकूण दीड-दोन वर्षांचं. मध्यम आकाराचे घे. दुकानाच्या टँकमधे ते चरत असले पाहिजेत, कोपऱ्यात गप्प बसलेले असतील तर परत ये. आणि आजच आलेला माल घेऊ नको, प्रवासात मार खाल्लेले असतात, आठवडा दुकानातच राहू दे, जे जगले ते घे. दुकानदार कुरकुर करेल, करू दे.

नागपूरचा_भाऊ

दहा बरोबर आहे. दहामधे चार-पाच माद्या निघतेच.

डोंबिवलीचा_टँक

शेवटचं, परत त्रास नाही देणार. दुकानात निळे पण आलेत. पाच लाल पाच निळे घेतले तर? बघायला काय भारी दिसतील.

कल्याणकर_९

पहिले दोन-तीन महिने भारी दिसतील. लाल, निळा, पिवळा या सगळ्या रंगांची जात एकच आहे, निओकॅरिडिना, माणसांनी निवडून निवडून रंग काढलेत. एकत्र ठेवले की आपसात पिल्लं होणार आणि दोन-तीन पिढ्यांत सगळे परत मूळच्या मातकट तपकिरी रंगावर येणार. एकच रंग घ्या.

डोंबिवलीचा_टँक

बायकोला निळे पाहिजेत म्हणते.

मॉसवाली_पुणे

मग निळे घे. दहाच्या दहा.